लोवेल: कालवा राहिला, खाणावळ गेली

१९६६ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल शहरात, डटन स्ट्रीटवरची विटांच्या घरांची एक लांब ओळ पाडली गेली. मेरिमॅक कंपनीने गिरणीतल्या कामकरी मुलींसाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली ही घरं. आपल्या गिरणगावातला शब्द वापरायचा तर खाणावळी. फक्त इथे दोन वेळच्या जेवणाबरोबर अर्धा पलंगही मिळायचा, कारण एका पलंगावर दोघी झोपत. पाडण्यामागे कोणाचा दुष्टावा नव्हता. शहराला कामधंदा नव्हता, जुन्या वस्त्या हटवून जागा मोकळी करायला केंद्र सरकार पैसे देत होतं, आणि या जुनाट विटांकडे पाहून बहुतेकांना आपल्या आईबापांचे कष्टच आठवत होते. काही लोकांनी विरोध केला, तो टिकला नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्यावर सही केली. एखादी जागा ऐतिहासिक म्हणून राष्ट्रीय नोंदवहीत आली, की केंद्राच्या पैशाने तिच्यावर नांगर फिरवण्याआधी निदान थांबून विचार करावा लागेल, अशी तरतूद त्यात होती.

पुढे बारा वर्षांनी हेच लोवेल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. औद्योगिक वारशावर काम करणारे लोक आजही या शहराचं उदाहरण देतात. पण मला त्यात यशापेक्षा एक खाच जास्त दिसते. लोवेलने पाणी वाचवलं, गिरण्या बऱ्याचशा वाचवल्या, आणि माणसं जिथे झोपत ती जागा जवळजवळ संपूर्ण गमावली. हे असं का झालं, हाच या प्रकरणाचा गाभा.

आधी पाण्याचं बघू, कारण लोवेलमध्ये सगळं पाण्यापासून सुरू होतं.

मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी साधारण ३० फूट खाली उतरते. लाकूड वाहून नेणाऱ्या तराफ्यांना हा उतार टाळता यावा म्हणून १७९० च्या दशकात एका कंपनीने तिथे वळसा घालणारा कालवा खणला. त्या कंपनीचं नाव थोडक्यात 'लॉक्स अँड कॅनॉल्स'. १८२१ मध्ये बोस्टनच्या काही व्यापाऱ्यांनी ही कंपनी आणि भोवतालची शेतजमीन विकत घेतली. त्यांचा म्होरक्या फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१७ मध्येच वारला होता. बोस्टनजवळच्या वॉल्थम गावी त्याने एकाच छपराखाली कापसापासून कापडापर्यंत सगळं करणारी गिरणी उभी करून दाखवली होती. तोच नमुना इथे मोठ्या प्रमाणावर मांडायचा होता. १८२३ मध्ये मेरिमॅक कंपनीचं पहिलं कापड निघालं, १८२६ मध्ये गावाला लोवेलचं नाव मिळालं, आणि १८४० पर्यंत लोकसंख्या २० हजारांवर गेली.

या व्यापाऱ्यांचं डोकं असं, की त्यांनी पाणीही मापून विकलं. एकक होतं 'मिल पॉवर': ३० फुटांच्या उतारावर सेकंदाला २५ घनफूट पाणी. हा आकडा हवेतून आला नव्हता. वॉल्थमच्या दुसऱ्या गिरणीत ३,५८४ चात्या, म्हणजे सूत कातण्याच्या टकळ्या, आणि त्यांना पुरे पडणारे साचे, म्हणजे माग, चालवायला जेवढं पाणी लागत होतं, तेवढं हे माप. नवी कंपनी आली की तिने जमीन घ्यायची, मिल पॉवर भाड्याने घ्यायच्या आणि कालव्याच्या काठी गिरणी बांधायची. हळूहळू कालव्यांचं जाळं ९ किलोमीटरांच्या आसपास गेलं आणि दोन पातळ्यांत विभागलं गेलं. वरच्या पातळीवरची गिरणी १३ फुटांचा उतार वापरून पाणी खाली सोडायची, खालच्या पातळीवरची त्याच पाण्याचे उरलेले १७ फूट वापरायची. एकाने जास्त ओढलं तर दुसऱ्याचा साचा मंदावायचा. पाटाच्या पाण्यावरून भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या भांडणात पंचाचं काम करायला होता जेम्स बी. फ्रान्सिस. १८३७ पासून सुमारे अर्धं शतक तो लॉक्स अँड कॅनॉल्सचा मुख्य अभियंता होता. आज जगभरच्या जलविद्युत केंद्रांत, आपल्या कोयनेतसुद्धा, फिरणाऱ्या फ्रान्सिस टर्बाइनचा जन्म इथल्या मोजमापांतून झाला. कोणती गिरणी किती पाणी घेते हे न्यायाने ठरवायचं, तर पाणी अचूक मोजता आलं पाहिजे. म्हणून त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८५५ मध्ये ते छापले. आणि त्याच्या कचेरीने सगळं कागदावर ठेवलं. दरवाजे, झडपा, बांध, प्रत्येक दुरुस्ती. हजारो नकाशे.

जतनाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची ठरली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९२० च्या दशकात धंदा दक्षिणेच्या राज्यांत निघून गेला, १९३६ पर्यंत मोठ्यांपैकी तीनच उरल्या होत्या, आणि १९५० च्या दशकात त्याही आवरत्या झाल्या. पण पाणी विकणारी कंपनी जिवंत राहिली. कालवे कोणाच्या तरी मालकीचे होते, त्यातून वीज निघत होती, आणि ज्याच्या हाती चावी त्याच्या हाती नकाशाही होता. कालवे बुजवून त्यावर रस्ते करावेत अशा सूचना झाल्या, तरी ते बुजले नाहीत. वारशाच्या प्रेमाने ते वाचले असं मला वाटत नाही. ते कामात होते म्हणून वाचले. खाणावळींचं उलट. मुली गेल्यावर त्यांना काम उरलं नाही, कंपन्यांनी त्या विकून टाकल्या, आणि स्वयंपाकघरात किती पानं बसत याचा नकाशा कोणी अभियंता काढत नसतो.

खरं तर खाणावळ हा गिरणीच्या यंत्राचाच भाग होता. मालकांना न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, शेतकऱ्यांच्या मुली हव्या होत्या. पण 'गिरणीत गेलेली मुलगी' म्हटल्यावर बापाचं मन धजणार कसं? म्हणून कंपनीने घरं बांधली, त्यांत प्रौढ बाई कारभारीण म्हणून नेमली, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जाणं सक्तीचं, दारूला मज्जाव. पहाटे घंटा, तासा-दीड तासाने न्याहारीची घंटा, परत गिरणीची घंटा. आठवड्याला सत्तर तासांहून जास्त काम. घर गिरणीपासून हाकेच्या अंतरावर असायचं ते मुलींच्या सोयीसाठी नव्हे, जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास पुरला पाहिजे म्हणून. १८३४ चा संप मजुरी कापल्यावरून झाला. १८३६ चा खाणावळीचा खर्च वाढवल्यावरून. म्हणजे स्वतः मुलींना गिरणी आणि खाणावळ हा एकच व्यवहार आहे हे पक्कं माहीत होतं. एकशे तीस वर्षांनी शहराच्या नगररचनाकारांना ते दिसलं नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस चित्र पालटायला लागलं, आणि सुरुवात वास्तुतज्ज्ञाने केली नाही. पॅट्रिक मोगन हा शिक्षणखात्यातला माणूस. त्याचं दुखणं वेगळंच होतं: शाळेतल्या मुलांना आपल्या गावाची लाज वाटते. त्याने कल्पना मांडली की सगळं शहरच उद्यान समजा, कालवे म्हणजे त्याच्या वाटा, आणि आजी-आजोबांचं काम हाच अभ्यासक्रम. ऐकणारे हसले असतील, आपणही हसलो असतो. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की तेव्हाच्या अमेरिकी माणसाला येलोस्टोनची अस्वलं आठवायची. बंद गिरण्या आणि दोन आकडी बेकारी नव्हे.

इथे थोडं थांबून नोंदणीच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण 'जतन' म्हटलं की लोकांना डागडुजी आठवते आणि 'नोंद' हा शब्द कारकुनी वाटतो. अमेरिकेत हे काम सरकारी पातळीवर सुरू झालं ते १९३३ च्या मंदीत. चार्ल्स पीटरसन नावाच्या वास्तुविशारदाने प्रस्ताव दिला की काम नसलेल्या सुमारे हजार वास्तुविशारदांना दहा आठवडे पगार द्या आणि त्यांच्याकडून जुन्या इमारती मोजून घ्या. त्यातून ऐतिहासिक अमेरिकी इमारतींचं सर्वेक्षण उभं राहिलं; त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे 'हॅब्स' म्हणतात. पण हॅब्सची नजर वास्तुविशारदाची: दर्शनी बाजू, खांब, कमानी. झोतभट्टी किंवा कालव्याचा दरवाजा या चौकटीत बसेना. म्हणून १९६९ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा, स्थापत्य अभियंत्यांची संस्था आणि काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, ग्रंथालय यांनी मिळून अभियांत्रिकी वारशाची वेगळी नोंद सुरू केली; तिचं आद्याक्षरी नाव 'हेअर'.

हेअरचं काम तीन पायांवर उभं असतं: मोजून काढलेले नकाशे, मोठ्या निगेटिव्हवरची छायाचित्रं आणि लिखित इतिहास. हे सगळं पाचशे वर्षं टिकलं पाहिजे अशी अट. म्हणून साध्या कागदाऐवजी पॉलिएस्टरच्या फिल्मवर शाईने काढलेल्या रेषा. छायाचित्रात इमारतीच्या उभ्या रेषा उभ्याच राहिल्या पाहिजेत, आणि चौकटीत कुठेतरी मोजपट्टी हवी, म्हणजे उद्या इमारत नसली तरी फोटोवरून माप काढता येईल. हे सगळं काँग्रेसच्या ग्रंथालयात जातं आणि कोणालाही फुकट वापरता येतं. मला यात सर्वांत आवडते ती एक सवय: यंत्र 'कसं दिसतं' याच्या शेजारी ते 'कसं चालतं' याचं चित्र काढायचं. पाणी इथून आलं, इथे चाक फिरवलं, इथून दातेरी चाकं, इथून पट्टा, वरच्या मजल्यावर शाफ्ट (फिरता दांडा), शाफ्टवरून साचा. भिंत पारदर्शक करून दाखवलेलं ते चित्र पाहिलं, की खिडक्या तिथेच का आहेत आणि जिना बाहेरच्या मनोऱ्यात का ढकलला आहे, हे न सांगता कळतं.

१९७० च्या दशकाच्या मध्यात हेअरच्या चमूंनी लोवेलचे कालवे मोजले. फ्रान्सिसच्या कचेरीतले जुने नकाशे हाताशी होतेच. एकट्या इमारतींची यादी करण्याऐवजी त्यांनी पूर्ण पाणीव्यवस्था ही एक वस्तू म्हणून मांडली, आणि मोगनच्या 'शहर हेच उद्यान' या स्वप्नाला त्यातून एक कणा मिळाला. काँग्रेसपुढे हा विषय लावून धरला तो लोवेलमध्येच वाढलेल्या पॉल त्सोंगस या प्रतिनिधीने. ५ जून १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली. कायद्याने सुमारे ४ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद केली आणि एक जतन आयोग नेमला. केंद्राने मोजक्याच इमारती ताब्यात घ्यायच्या, बाकीच्यांच्या मालकांना अनुदान आणि कर्ज द्यायचं, मात्र दुरुस्ती ठरलेल्या नियमांनी. गिरण्यांत घरं झाली, कचेऱ्या झाल्या. त्याच सुमारास वँग या संगणक कंपनीने लोवेलमध्ये बस्तान मांडलं, म्हणून शहर सावरण्याचं सगळं श्रेय वारशाला देणं अप्रामाणिक ठरेल. वँगने १९९२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, उद्यान मात्र राहिलं.

सगळंच वाचलं असं नाही. १९८७ मध्ये लॉरेन्स मिल्सला आग लागली आणि बराच भाग जळून गेला. तेल प्यालेल्या जुन्या लाकडी तक्तपोशीपुढे कायद्याचं काही चालत नाही.

उद्यानाचा मुख्य देखावा बूट मिल्समध्ये आहे. (बूट हे पायातलं नव्हे, कर्क बूट हा लोवेलचा पहिला व्यवस्थापक.) ही गिरणी १८३५ मध्ये स्थापन झाली. आज कालव्याकडून पाहिलं तर एकच सलग भिंत दिसते, पण मुळात त्या चार सुट्या इमारती होत्या. नंतरच्या दशकांत मधल्या फटी भरत गेल्या आणि उतरती छपरं जाऊन सपाट छपरं आली. विटांचे सांधे, खिडक्यांच्या रांगा आणि मजल्यांच्या उंचीतले फरक मोजले की हे उलगडतं. प्रश्न असा येतो की यातला कुठला काळ 'खरा' म्हणून दाखवायचा? १८३५ चा दाखवायचा तर नंतरची सत्तर वर्षं खरवडून काढावी लागतील. उद्यानाच्या लोकांनी शहाणपणा केला. बाहेरून इमारत जशी वाढली तशी ठेवली, आणि १९९२ मध्ये संग्रहालय उघडलं तेव्हा तळमजल्यावर १९२० च्या दशकातलं साचेखातं मांडलं. ८८ साचे, डोक्यावर शाफ्ट आणि पट्टे. सगळे एकाच वेळी चालवत नाहीत, तरी आत जाताना पाहुण्याला कानात घालायला बोळे देतात. ज्याचे वडील किंवा आजोबा लालबाग-परळच्या साचेखात्यात होते आणि निवृत्तीनंतर घरातही मोठ्याने बोलत, त्याला बोळ्यांचं कारण कोणी सांगायची गरज नाही. आडवं सूत घेऊन धावणारा धोटा फेकला जातो तो आवाज कुठल्याही नकाशात काढता येत नाही. म्हणून साचे चालू ठेवण्याचा खर्च मला पूर्ण पटतो.

आता खाणावळीकडे परत. बूट कंपनीच्या आठ ओळींपैकी एकच कशीबशी उरली होती, आणि तीही नंतरच्या वापरात ओळखू येऊ नये इतकी बदलली होती. ती बाहेरून एकोणिसाव्या शतकातल्या रूपात पुन्हा बांधली. उतरतं छप्पर, धुराडी, सगळं. आज तिला मोगनचं नाव आहे. काम चोख झालंय. पण डटन स्ट्रीटवर अख्खी ओळ खरीखुरी उभी होती आणि ती पाडायला सरकारी पैसा लागला, मग वीस-बावीस वर्षांनी तशीच दिसणारी एक उभी करायलाही सरकारी पैसा लागला, हे पाहून हसावं की काय करावं कळत नाही.

भिंती गेल्या होत्या, पण परसदार उरलं होतं. १९८० च्या दशकात बोस्टन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी उद्यान सेवेबरोबर बूटच्या खाणावळींची परसं खणली. कुठल्याही नकाशात नसलेलं घर तिथे मातीत सापडलं. दारूला मज्जाव होता ना? बाटल्या निघाल्या. मातीच्या पांढऱ्या चिलमींचे तुकडे निघाले. पेटंट औषधांच्या बाटल्या, स्वस्त नकली दागिने, बटणं, फुलांच्या कुंड्यांची खापरं. कंपनीचा नियमावलीचा कागद एक सांगतो आणि परसातली माती दुसरंच. एखाद्या मुलीने आठवड्याच्या मजुरीतून काचेचा खोटा मणी घेतला आणि तो न्हाणीपाशी हरवला, एवढंच कळतं; पण गिरणीच्या पन्नास नकाशांतून तेवढंही कळलं नसतं.

आणखी एक धागा बराच काळ या मांडणीबाहेर राहिला. लोवेलला कापूस येत होता तो दक्षिणेतल्या गुलामांच्या शेतांतून. इतकंच नाही, लोवेलचं जाडंभरडं कापड परत तिकडेच गुलामांच्या अंगावर जायचं. दक्षिणेत त्या कापडाला 'लोवेल' असंच म्हणत. यंत्र कसं चालतं हे दाखवणाऱ्या चित्रात पाणी कुठून आलं याचा बाण असतो, कापूस कुठून आला याचा सहसा नसतो. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी सुरू झाली आणि हा पुरवठा तुटला, तेव्हा इथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकला आणि हजारो कामगारांना घरी पाठवलं. त्याच तुटवड्यात इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरातल्या कापूस-व्यापाऱ्यांनी वऱ्हाड-खानदेशाकडे तोंड वळवलं, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला. ती कथा आपण मुंबईची म्हणून शिकतो. तिचं दुसरं टोक मेरिमॅकच्या काठी बंद पडलेल्या साच्यांत आहे.

कालवे वाचले म्हणालो, पण चालू वस्तू जतन करण्याची डोकेदुखी वेगळी असते. फ्रान्सिसने १८५० मध्ये पॉटकेट कालव्यावर एक प्रचंड लाकडी दरवाजा टांगून ठेवला. लोकांनी त्याला 'फ्रान्सिसचा वेडेपणा' म्हटलं. १८५२ च्या एप्रिलमध्ये नदी चढली, रात्री तो लोखंडी पट्ट्यावर टांगलेला दरवाजा छिन्नीने पट्टा तोडून खाली सोडला, आणि शहर बचावलं. १९३६ च्या पुरात तो पुन्हा सोडावा लागला. २००६ मध्ये पूर आला तेव्हा मात्र पोलादी तुळया रचून पाणी अडवलं. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या दरवाज्यालाच पुरापासून जपायची वेळ आली.

धरणाचा वाद याहून अवघड. पॉटकेट धरणाच्या माथ्यावर पाण्याची पातळी वाढवायला लाकडी फळ्या उभ्या करत, लोखंडी सळ्यांच्या आधाराने. पूर आला की सळ्या वाकायच्या, फळ्या वाहून जायच्या, मग माणसं जाऊन नव्या लावायची. एकोणिसाव्या शतकापासूनची रीत. वीज काढणाऱ्या कंपनीला त्याऐवजी हवेने फुगणारा, हवा तेव्हा खाली बसणारा अडसर हवा होता. उद्यान सेवेने विरोध केला: धरणाच्या दगडी माथ्याचं ऐतिहासिक रूप जाईल. नदीकाठच्या रहिवाशांना आपल्या तळघरांची काळजी होती. २०१३ मध्ये केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने परवानगी दिली, प्रकरण न्यायालयात गेलं, तिथेही परवानगी टिकली. कायद्याप्रमाणे बदलाआधी जुन्याची नोंद करायची असते. फळ्या, सळ्या, दगडातली भोकं आणि ती बसवायची पद्धत, असं सगळं मोजून कागदावर आणायचं, आणि मग सळ्या उपटायच्या.